कर घेता, मग कायदा का करत नाही? कूटचलन, ब्लॉकचेन आणि दिल्लीतली आठ वर्षांची टाळाटाळ

खातेवही

मी इचलकरंजीत कर सल्लागार आहे. गेल्या आठवड्यात एका यंत्रमागवाल्यांचा मुलगा उशिराचं विवरणपत्र भरायला आला. वय चोवीस. वडील सुताचा हिशेब ठेवतात तितक्याच निगुतीने त्याने आपल्या कूटचलनाच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो नाण्यांच्या व्यवहारांची एक्सेल शीट करून आणली होती. एका नाण्यात २ लाखांचा नफा, बाकी तीन नाण्यांत मिळून २ लाख ६० हजारांचा तोटा. म्हणजे वर्षाचा ताळा केला तर पोराचे ६० हजार गेले.

मी त्याला सांगितलं, बाळा, तुला ६० हजार कर आणि वर ४ टक्के उपकर, असे ६२,४०० लागतील. विक्रीच्या वेळी कापलेला १ टक्का टीडीएस २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात) ९ हजार दिसतोय, तो वळता होईल. उरलेले ५३,४०० घरातून आणायचे. उशिराचं व्याज आणि शुल्क वेगळं.

"काका, पण मला तोटा झालाय ना?" त्याने हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज बसला होता.

कायदा तसाच आहे. १ एप्रिल २०२२ पासून आयकर कायद्याचं कलम ११५बीबीएच लागू झालं. सरसकट ३० टक्के, खरेदीची किंमत सोडून कुठलीच वजावट नाही, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. शेअरमधला भांडवली तोटा मी आठ वर्षं पुढे ओढून देतो. त्यात १ जुलै २०२२ पासून टीडीएस. मार्च २०२३ पासून सगळी एक्स्चेंज, म्हणजे ही नाणी जिथे विकत-घेता येतात त्या कंपन्या, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणली, म्हणजे ग्राहकाची पूर्ण माहिती सरकारकडे.

म्हणजे सरकारने आपली बाजू दोन्हीकडून बांधून घेतली. ग्राहकाची बाजू मात्र उघडी आहे. ही वस्तू कायदेशीर आहे का, एक्स्चेंज बुडालं तर पैसे कोणाकडे मागायचे, तक्रार कुठे करायची, यावर संसदेने आजवर एक ओळ मंजूर केलेली नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात अर्थ मंत्रालयातले सचिव सुभाषचंद्र गर्ग यांची समिती कूटचलनाचा विचार करायला नेमली तेव्हापासून हे चाललंय.

माझा प्रश्न साधा आहे. कर घेता तर कायदा का करत नाही? यामागचं राजकारण ज्यांना कळतं त्यांनी जरूर लिहा. मला त्या पोराला काहीतरी धड उत्तर द्यायचंय.

---

वाटसरू_७७

वाचतोय. महत्त्वाचा धागा.

---

निवृत्त_शाखाधिकारी

खातेवही, त्या मुलाबद्दल वाईट वाटलं, पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्या अनुभवावरून लिहितो.

कायदा केला की लगेच पाटी लागते, 'सरकारमान्य'. आपल्याकडे त्या एका शब्दावर माणूस घरातलं सोनं मोडतो. एका सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आमच्या शाखेच्या दारात रडणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. त्यांचं खातं आमच्याकडे नव्हतं, त्या फक्त विचारायला आल्या होत्या, "साहेब, तुमची तरी बँक राहील ना?" आज बँकेच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, कारण मागे हमी देणारी संस्था उभी आहे. या नाण्यांमागे कोण उभं आहे?

दुसरं, रुपयाचा प्रश्न. स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेली नाणी, उद्या किराणा दुकानात चालायला लागली, तर व्याजदर वाढवून महागाई रोखायचं रिझर्व्ह बँकेचं हत्यार बोथट होईल. परदेशात पैसे पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती मोबाइलवरून ओलांडता येईल. रिझर्व्ह बँक पहिल्यापासून बंदी मागते आहे ती याच काळजीने. जुलै २०२२ मध्ये खुद्द अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की रिझर्व्ह बँकेचं मत बंदीचं आहे, आणि बंदी असो वा नियमन, ते आंतरराष्ट्रीय सहकार्याशिवाय परिणामकारक होणार नाही.

---

वकीलबाई

शाखाधिकारीकाका, तुमची काळजी खरी आहे. पण बंदीसुद्धा कायद्यानेच घालावी लागते ना? तीही घातलेली नाही, आणि खातेवहींची तक्रार तीच आहे.

६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं, की कूटचलनाच्या व्यवहारांना बँकांनी सेवा देऊ नये. धंदा बेकायदा ठरवला नाही, फक्त त्याची नळी बंद केली. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते रद्द केलं. निकाल १८० पानांचा आहे आणि मी तो पूर्ण वाचला आहे. रिझर्व्ह बँकेला असं पाऊल उचलायचा अधिकारच नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. उलट अधिकार मान्य केला. पण तुमच्या देखरेखीखालच्या एका तरी बँकेचं यामुळे नुकसान झालं का, ते दाखवा, असं विचारलं. ते दाखवता आलं नाही, आणि उपाय दुखण्याच्या मानाने फार कडक ठरला. संसदेने केलेल्या कायद्याला हा हिशेब वेगळ्या मापाने लागला असता. म्हणजे चेंडू तेव्हाच संसदेच्या अंगणात आला होता.

पुढे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच केंद्राला तोंडी विचारलं, की याचं नियमन का करत नाही. बिटकॉइनचा व्यवहार म्हणजे सुधारित हवालाच, असंही पीठ म्हणालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका गुंतवणूकदार बाईंच्या प्रकरणात कूटचलन ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते, असं म्हटलं. कायदा नाही म्हणून न्यायालयं एकेक वीट रचत बसली आहेत.

---

बिनव्याजी

+१ वकीलबाई. कोर्टाने मालमत्ता म्हटलं, आयकराने 'आभासी डिजिटल मालमत्ता' म्हटलं, आमच्या आईने जुगार म्हटलं. तिघांत आईचंच मत सुरुवातीपासून ठाम आहे. :)

---

धुक्यातला_डोंगर

राजकारणाबद्दल विचारलंय म्हणून जरा लांबीचं लिहितो. मी काही वर्षं दिल्लीत धोरणविषयक वार्तांकन केलं आहे.

गर्ग समितीचा अहवाल जुलै २०१९ मध्ये जाहीर झाला. सोबत विधेयकाचा मसुदा होता, नावातच बंदी. कूटचलन बाळगणं, विकणं, तयार करणं, सगळ्याला शिक्षा, १० वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ कोटींपर्यंत दंड. तो मसुदा संसदेत आलाच नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या कार्यसूचीत नवं विधेयक आलं, मांडलं गेलं नाही. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनाच्या कार्यसूचीत पुन्हा आलं. २३ नोव्हेंबरला ती यादी बाहेर पडली आणि भारतीय एक्स्चेंजवर भाव एका रात्रीत कोसळले. लोकांनी मिळेल त्या किमतीला विकलं. विधेयक त्याही वेळी मांडलं नाही. ज्यांनी घाबरून विकलं त्यांचे पैसे गेले ते एका यादीतल्या ओळीमुळे.

त्या नोव्हेंबरातल्या तारखा लावून बघा. १५ तारखेला जयंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय स्थायी समितीने या धंद्यातल्या लोकांना बोलावून त्यांचं ऐकून घेतलं. १८ तारखेला पंतप्रधान सिडनी संवादात म्हणाले, की हे चुकीच्या हातात पडून आपली तरुण पिढी बिघडू नये. २३ ला बंदीचा सूर असलेलं विधेयक यादीत. आणि १ फेब्रुवारी २०२२ ला अर्थसंकल्पात थेट ३० टक्के कर. नऊच दिवसांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणाले, की या नाण्यांना ट्यूलिपच्या फुलाइतकंही मोल नाही. एकाच सरकारी व्यवस्थेत एक खातं कर लावतंय आणि दुसरं बंदी मागतंय. दोघांचं जुळेना, मग मधला मार्ग निघाला. विधेयक बाजूला ठेवायचं आणि वित्त विधेयकातून कर लावायचा. वित्त विधेयकावर कूटचलनाचं भलंबुरं ठरवणारी चर्चा करावी लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने एका सरकारी दस्तऐवजाच्या आधारे बातमी दिली. त्यातली भूमिका अशी, की पूर्ण नियमन केलं तर याला प्रतिष्ठा मिळेल आणि धोका साऱ्या वित्तव्यवस्थेत शिरेल, बंदी घातली तर माणसामाणसांतले थेट व्यवहार थांबणार नाहीत. म्हणून आहे तसंच चालू द्यावं. खातेवही, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच आहे. काहीच न करणं हा तिथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

मला तो चुकीचा वाटतो. कारण इच्छा असली की कायदा किती पटकन होतो हे आपण पाहिलंय. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आलं आणि मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवस!

---

निवृत्त_शाखाधिकारी

डोंगर, माहिती चांगली दिलीत. पण गेमिंगची तुलना मला पटत नाही. तिथे पैशाच्या खेळांवर बंदी घातली, बंदीचा कायदा लिहायला सोपा. नियमनाचा कायदा म्हणजे नियामक नेमा, परवाने द्या, तपासणी करा, बुडालं तर सोडवा. हे तीन दिवसांत करू नये आणि केलं तर मी पहिला ओरडेन.

---

धुक्यातला_डोंगर

तीन दिवसांत करा असं मी म्हणतच नाही, काका. आठ वर्षं मिळाली होती.

---

अडकलेले_साडेतीन

आयडीवरून कळलंच असेल. माझे साडेतीन लाख एका एक्स्चेंजवर अडकले. चोरी झाली, पैसे काढणं बंद, मग परदेशातल्या कोर्टात फेररचनेची प्रक्रिया. ज्या कंपनीला मी भारतीय समजत होतो तिची कागदोपत्री बाजू कुठल्या देशात आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

त्या रात्री अडीच वाजता ॲप उघडून बसलो होतो. आकडा दिसत होता. साडेतीन लाख, हिरव्या रंगात, भाव वाढला की आकडाही वाढत होता. 'काढा' या बटणावर बोट ठेवलं की एकच ओळ यायची, सेवा तात्पुरती स्थगित. बायको झोपेतून उठून शेजारी येऊन बसली. तिला सांगायला मला चार दिवस लागले होते.

तक्रारीचं सांगतो. दोन नियामकांच्या पोर्टलवर लिहिलं, दोघांचं उत्तर एकच, हा विषय आमच्या कक्षेत येत नाही. सायबर पोलिसांनी अर्ज घेतला, पण हवालदार बिचारा मलाच विचारत होता, वॉलेट म्हणजे काय. ग्राहक मंचाचा वकील म्हणाला, कंपनी परदेशी, बघू. आणि त्याच वर्षी विवरणपत्रात आभासी मालमत्तेचं परिशिष्ट भरताना मात्र सरकारला सगळं नीट माहीत होतं, किती तारखेला काय विकलं ते सुद्धा.

शाखाधिकारीकाका, तुम्ही म्हणता कायदा केला की लोक फसतील. आम्ही कायदा नसताना फसलो. ग्राहकाची नाणी कंपनीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवा आणि दर महिन्याला त्रयस्थाकडून मोजून घ्या, एवढे दोन नियम असते तरी मला पुरलं असतं.

---

निवृत्त_शाखाधिकारी

तुमचं वाचून दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. मनापासून वाईट वाटलं. तुम्ही सांगितलेले दोन नियम, ग्राहकाचे पैसे वेगळे आणि दरमहा मोजणी, यांना माझा विरोध नाही. बँकिंगचं तर ते पहिलंच अक्षर आहे.

---

जर्सीकर

इकडची बाजू सांगतो. न्यू जर्सीत राहतो, पेमेंट कंपनीत काम करतो.

अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये जीनियस कायदा झाला, फक्त स्टेबलकॉइनपुरता. सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३०, प्रतिनिधीगृहात ३०८ विरुद्ध १२२, म्हणजे दोन्ही पक्षांची मतं पडली. एका नाण्यामागे एक डॉलर रोख किंवा अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत ठेवायचा, दर महिन्याला राखीव निधी जाहीर करायचा, नाणं काढणाऱ्याने धारकाला व्याज द्यायचं नाही, दिवाळं निघालं तर धारकाचा हक्क आधी. अडकलेले_साडेतीन, तुम्ही मागताय जवळपास तेच.

पण इकडचं राजकारण आदर्श आहे असं समजू नका. २०२४ च्या निवडणुकीत या धंद्याच्या राजकीय निधीने शंभर दशलक्ष डॉलरच्या वर पैसा ओतला, आपल्याला नको असलेले उमेदवार पाडले. राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाचाच या धंद्यात हिस्सा आहे, त्यावर विरोधकांनी रान उठवलं. आणि नाण्यामागे अमेरिकी रोखेच ठेवायचे म्हटल्यावर सरकारच्या कर्जाला जगभरातून नवं गिऱ्हाईक मिळतं. काकांना रुपयाची जी भीती वाटते, ती इथे बसून मला अगदी खरी दिसते. डॉलर आता मोबाइलमधून घरोघर जायला निघालाय.

म्हणूनच मला वाटतं भारताने लवकर कायदा करावा. न केल्याने डॉलरची नाणी यायची थांबत नाहीत, ती फक्त नजरेआड येतात.

---

दुबईकर_अजून

इकडे दुबईने २०२२ मध्येच कायदा करून व्हारा नावाचा स्वतंत्र नियामक उभा केला. युरोपचा कूटचलनाचा मायका कायदा डिसेंबर २०२४ पासून पूर्ण लागू आहे. माझ्या इमारतीत पुण्याची तीन मुलं आहेत, तिघं ब्लॉकचेनवर काम करतात, तिघंही बाणेर सोडून आली. करापेक्षा त्यांना अनिश्चिततेचा जास्त धाक होता. "उद्या यादीत पुन्हा विधेयक आलं तर?" असं त्यातला एक जेवताना म्हणाला.

---

पैठणी_प्रेमी

सगळे नाण्यांवरच बोलताय, शीर्षकात ब्लॉकचेनही आहे म्हणून लिहिते. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही, जिच्यातली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही. ब्लॉकचेनची सक्ती करणारा नियम भारतात २०१८ पासून आहे आणि तो तुम्हा सगळ्यांच्या खिशात रोज वाजतो!

माझं साड्यांचं छोटं दुकान. ग्राहकांना 'तुमची पैठणी तयार आहे' असा एसएमएस पाठवायचा होता. तर म्हणे आधी डीएलटीवर नोंदणी करा. डीएलटी म्हणजे वितरित खातेवही, ब्लॉकचेनचंच कुटुंब. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमानुसार व्यापारी एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येकाने पॅन देऊन नोंदणी करायची, सहा अक्षरी नाव मंजूर करून घ्यायचं, मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा. माझा साचा एका टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलने तीनदा नाकारला. चौथ्यांदा 'आपली' ऐवजी 'तुमची' लिहिलं आणि झाला मंजूर, का ते देवाला ठाऊक. आता तर नावाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी अक्षर येतं, जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकारी ते कळायला. तुमचे मेसेज उघडून बघा.

सांगायचा मुद्दा, तंत्रज्ञान कुठलं वापरायचं आणि जबाबदार कोण, हे नियमात स्पष्ट लिहिलं तर माझ्यासारखी दुकानदारही ते पाळते. कटकट झाली, पण माझ्या नावाने दुसरा कोणी मेसेज पाठवू शकत नाही याचं मला समाधान आहे.

---

बिनव्याजी

आत्ता बघितलं, खरंच आहे की! इतकी वर्षं ब्लॉकचेन वापरतोय आणि आपल्याला पत्ताच नाही. ताई, पैठणी तयार असेल तर आमच्याकडेही एक मेसेज येऊ द्या, बहिणीचं लग्न आहे.

---

एटापल्लीचा_मास्तर

पैठणीताईंच्या मुद्द्यावरून लिहितो. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायचा उपक्रम सुरू झाला. ६५ हजार दाखल्यांचं उद्दिष्ट सांगितलं होतं. दाखल्यावर क्यूआर, तो स्कॅन केला की खरा-खोटा लगेच कळतो. बनावट दाखल्यांमुळे खऱ्या आदिवासी मुलाची जागा जाते हे आम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे, त्यामुळे मला फार आनंद झाला होता.

आता पुढचं ऐका. माझी एक विद्यार्थिनी, माडिया आदिवासी, बारावीला चांगले गुण, प्रवेशासाठी एका शहरातल्या कॉलेजात गेली. मी सोबत होतो. खिडकीतल्या बाबूंना मी क्यूआर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दाखला उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "मूळ प्रत आणि साक्षांकित झेरॉक्स दोन." मी म्हटलं, साहेब, स्कॅन करून बघा. ते म्हणाले, "माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं नाही, गुरुजी." त्यात त्यांचीही चूक नव्हती, पुस्तिकेत खरंच नव्हतं. आम्ही झेरॉक्सच्या दुकानात रांग लावली. मुलगी मला विचारत होती, "सर, मग तो चौकोन कशाला छापलाय?"

तंत्रज्ञान एटापल्लीपर्यंत पोचलं, नियम मात्र शहरातल्या खिडकीपर्यंत पोचला नाही. पडताळणी क्यूआरवरूनच करावी असा एक शासन निर्णय हवा. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय ब्लॉकचेन धोरण काढलंय, पण धोरण दाखवून बाबू ऐकत नाही, त्याला आदेश लागतो.

---

सह्यकडा

मास्तर, अगदी काळजाला भिडलं.

अवांतर: हेच सातबाऱ्याला का लावत नाहीत? आमची गुहागरकडची सव्वा एकर कातळ-बागायत, उताऱ्यावर सतरा सहहिस्सेदार, त्यातले पाच वारलेले, दोन मुंबईत कुठे आहेत माहीत नाही. एकदा ब्लॉकचेनवर चढवलं की कोणी फेरफार करू शकणार नाही ना?

---

वकीलबाई

सह्यकडा, नेमकं इथेच लोकांची फसगत होते म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंद होते ती दस्ताची, मालकी हक्काची नाही. दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवतात, विकणारा खरा मालक आहे याची हमी सरकार घेत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, त्यातली नोंद खरी मानतात, पण विरुद्ध पुरावा आला की ती कोसळते. म्हणून तर आम्ही तीस-तीस वर्षांचा शोध अहवाल काढत बसतो. आता तुमचा सतरा हिस्सेदारांचा, पाच मयतांची नावं असलेला उतारा जसाच्या तसा ब्लॉकचेनवर चढवला तर काय होईल? चूक कायमची दगडावर कोरली जाईल. आधी वारसनोंदी, मोजणी, वाटप, आणि मुळात हक्काची हमी देणारा कायदा. तो केला तर ब्लॉकचेन शोभेल. त्याला मात्र हात घालायची कोणाची तयारी नाही, कारण जमिनीचा वाद मिटवायचा म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांना नाराज करायचं.

बरा बदलही सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा, एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो. ब्लॉकचेनचा पाया हाच. परवा एका मोबाइलच्या ध्वनिमुद्रणाचं प्रमाणपत्र करताना आमच्या ज्युनियरने चौसष्ट अक्षरं हाताने उतरवली आणि एक चुकलं. पुन्हा सगळं टाइप केलं. आपल्या कनिष्ठ न्यायालयांत ही गोष्ट आली याचं मला अप्रूप वाटतं.

---

सह्यकडा

धन्यवाद ताई. म्हणजे आधी मुंबईतल्या दोघांना शोधतो. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

मांडवीकर

ई-रुपयाचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल चलनाचं कोणीच काही लिहिलं नाही? २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात 'बँक नोट' या व्याख्येत डिजिटल रूप घातलं. म्हणजे ज्या अर्थसंकल्पात ३० टक्के कर आला त्याच अर्थसंकल्पात सरकारचं स्वतःचं नाणं कायदेशीर झालं. १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, दिल्ली, बंगळूर, भुवनेश्वरला किरकोळ प्रयोग सुरू झाला. मी पणजीहून कामाला मुंबईत आलो होतो तेव्हा फोर्टमध्ये, रिझर्व्ह बँकेपासून हाकेच्या अंतरावर, ई-रुपयाने अर्धा डझन संत्री घेतली. फळवाल्याने पैसे आल्याचं बघितलं आणि विचारलं, "ये जीपे से अलग क्या है?" मी नीट सांगू शकलो नाही. मार्च २०२५ अखेर चलनात असलेला ई-रुपया साधारण १,०१६ कोटींचा, नोटांच्या मानाने थेंबभर.

सरकारचा राग तंत्रज्ञानावर नाही, मालकी कोणाकडे यावर आहे, असं मला त्या एका अर्थसंकल्पावरून वाटतं.

---

धुक्यातला_डोंगर

मांडवीकर, बरोबर पकडलंत. २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही विधेयकांच्या नावातच 'अधिकृत डिजिटल चलनाचे नियमन' होतं. त्यातला अधिकृत चलनाचा अर्धा भाग २०२२ मध्ये हळूच पार पडला, उरलेला अर्धा तसाच राहिला.

आणि मतांचं गणित राहिलंच. राज्यसभेतल्या उत्तरानुसार कलम ११५बीबीएचखाली २०२२-२३ मध्ये सुमारे २६९ कोटी आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ४३७ कोटी कर आला. केंद्राच्या तिजोरीत हे कुठेच दिसत नाही. चेनॅलिसिस या ब्लॉकचेन विश्लेषण कंपनीच्या यादीत वापरात भारत २०२३ पासून सलग पहिला, पण हे वापरणारे विखुरलेले. ऊस उत्पादकासारखी त्यांची कुठे एकगठ्ठा मतं नाहीत, ते रस्ता अडवत नाहीत, त्यांचा आमदार नाही. म्हणून एकाही पक्षाला घाई नाही. विरोधी बाकांवरूनही यावर कधी सभागृह बंद पडलेलं मला आठवत नाही.

---

खातेवही

सगळ्यांचे आभार. दोन दिवस दुकान उघडायच्या आधी हाच धागा वाचतोय.

तो मुलगा काल पुन्हा आला होता. चलान भरलं. वडील सोबत होते, एक शब्द बोलले नाहीत, फक्त पावती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. मी त्याला डोंगर यांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचायला दिला. वाचून म्हणाला, "म्हणजे त्यांनी ठरवूनच ठरवलं नाही."

शाखाधिकारीकाकांशी माझा मतभेद आता फारसा उरलेला नाही असं वाटतं. 'सरकारमान्य' पाटी नको, हे मलाही मान्य. म्हणून आमच्या खासदारांना पत्र लिहितोय, तीनच मागण्या. आभासी मालमत्तेतला तोटा निदान आभासी मालमत्तेच्याच नफ्यातून वजा करू द्या. ग्राहकाची मालमत्ता वेगळी ठेवणं आणि दरमहा त्रयस्थ मोजणी बंधनकारक करा. आणि तक्रार कुठल्या दारात करायची, त्या दाराचं नाव कायद्यात लिहा. पहिल्या मागणीला तर वेगळा कायदाही नको, वित्त विधेयकात एक ओळ बदलली की झालं.

मास्तर, तुमची क्यूआरची मागणी राज्य सरकारकडची आहे, त्याचं वेगळं पत्र करू. तुम्ही मजकूर द्या, इथल्या आमदारांकडे मी स्वतः नेऊन देतो.

---

निवृत्त_शाखाधिकारी

दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीवर माझी सही घ्या. पहिलीवर अजून विचार करतोय. रिझर्व्ह बँकेची बाजू मी सोडलेली नाही.

---

अडकलेले_साडेतीन

माझी तिन्हींवर. पत्त्यासकट.

---

एटापल्लीचा_मास्तर

मजकूर आज रात्री पाठवतो. त्या मुलीच्या हातानेच लिहून घेतो, ती आता पहिल्या वर्षाला आहे.

---

वकीलबाई

खातेवही, पत्र टाकण्याआधी एक दुरुस्ती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. ११५बीबीएच लिहाल तिथे जुन्या आणि नव्या दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा, नाहीतर 'सदर कलम अस्तित्वात नाही' असं उत्तर येईल आणि पुन्हा सहा महिने जातील. मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, उद्या कोर्ट सुटल्यावर बघते.